झिपरूनाना आणि डब्याचे सांधे

झिपरूनाना लांबी चाखून बघत. लांबी म्हणजे खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेला लगदा. सुतार-रंगारी लोक तो फटी बुजवायला वापरतात. बाकीचे मिस्तरी तो बोटानं दाबून बघतात. नाना मात्र चण्याएवढी गोळी जिभेवर ठेवत, डोळे मिटत, आणि सुनेनं केलेली आमटी चाखणाऱ्या सासूच्या थाटात निकाल देत, "आजून कच्ची शे." मग थुंकत, चूळ भरत, आणि पुन्हा मळायला बसत.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नवाच लागलो होतो. मी धावत डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, मिस्तरी खडू खातोय. उतारा काय देऊ?"

डॉक्टर हातातल्या कागदावरून नजरही न काढता म्हणाले, "तुम्ही माणसांचं बघा. तो डब्याचा डॉक्टर आहे. त्याच्या कामात मीसुद्धा पडत नाही."

डबा म्हणजे आमचा फिरता दवाखाना. धुळ्याच्या एका धर्मादाय मंडळानं चार चाकांवर सागवानी खोली बसवून घेतली होती. वरून पत्रा, दोन बाजूंना काचेच्या खिडक्या, आत औषधांचं कपाट आणि तपासायचं बाक. सडक असेल तिथवर मोटारीमागं जोडायची, सडक संपली की दोन बैलजोड्या. पावसाळ्याचे चार महिने साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या गावांत आमचा मुक्काम फिरता असे. हिवतापाचे दिवस तेच. म्हणजे ज्या दिवसांत डबा कोरडा राहणं सर्वांत अवघड, त्याच दिवसांत तो कोरडा राहणं सर्वांत गरजेचं. हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्यांना ओल लागली की संपलं.

नानांचे वडील तापीच्या उतारावर नावा बांधत. नावेच्या फळ्यांत ताग ठोकून त्यावर राळ ओतायची, हे नानांनी मिसरूड फुटायच्या आधी शिकून घेतलेलं. पुढं पूल झाला, नावा गेल्या, आणि नाना डब्यावर आले. त्यांच्या लेखी डबा ही नावच होती, फक्त पाणी खालून यायच्या ऐवजी वरून येणारी. ते म्हणत, "नाव बुडनी तं मानसे मरतस. डबा टपकना तं औषध मरस. मंग मानसे मरतसच. फरक काय?"

सांधा म्हटला की सगळे सांधे सारखेच, असं कुणी त्यांच्यापुढं म्हणायची सोय नव्हती. छपराचा सांधा उन्हानं फुगतो आणि रात्री आकसतो, म्हणून त्याला मऊ लांबी, तेल जास्त. खिडकीच्या काचेला घट्ट लांबी, तेल बेताचं. चारी कोपरे बैलांच्या हिसक्यानं सारखे मुरगळतात, तिथं नुसती लांबी तडकते. तिथं आधी राळेत भिजवलेला ताग कोंबायचा. खालच्या बाजूला डांबर. नव्या माणसाला नाना पहिल्याच दिवशी डब्याभोवती फिरवून हे सगळं सांगत आणि शेवटी विचारत, "समजनं?" माणूस "हो" म्हणाला की म्हणत, "नही समजनं. इतलं बेगीन कोणाले समजत नही."

जुन्यावर नवं थापणं हे त्यांच्या मते गाईला लाथ मारण्याइतकं पाप. दर वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की सगळे सांधे पटाशीनं खरवडून लाकूड उघडं करायचे, दोन दिवस उन्हात ठेवायचे आणि मग नव्यानं भरायचे, म्हणजे पावसाच्या आत लांबी सुकून दगड होते. आणि मग परीक्षा. नाना झारी घेऊन छपरावर चढत. आत दार लावून एक माणूस हातात कोरा कागद धरून बसे. एक वर्ष दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यांनी डॉक्टरांनाच आत बसवलं. वैशाखातलं ऊन, बंद डबा, आत कोट घातलेले डॉक्टर.

वरून आवाज, "साहेब, टपकनं का?"

आतून, "नाही हो!"

"कागद बरोबर धरेल शे ना?"

"धरलाय! मी मात्र टपकतोय. दार उघडा!"

"जरासा थांबा साहेब. पानीले घाई नही ऱ्हास."

हे त्यांचं आवडतं वाक्य. पाण्याला घाई नसते. ते चार महिने सांध्याशी बसून राहील, तुम्ही कधी चुकता त्याची वाट बघत. नाना कुठल्याही गोष्टीला हे वाक्य लावत. कुणाची सोयरीक लवकर जुळली तरी, कुणी घाईनं घर बांधलं तरी. जिथं जातील तिथं अंगठा टेकवून बघायची खोड. लग्नाला गेले की आधी मांडवाचे खांब दाबत. एकदा अमळनेरला माझ्या घरी जेवायला आले तर माझ्या आईसमोर आमच्या रांजणाच्या बुडाला अंगठा लावून म्हणाले, "माय, हाऊ दोन सालमा झिरपी." आई आठवडाभर माझ्यावर चिडली होती. रांजण खरंच दोन वर्षांनी झिरपला.

इथवर लिहिताना मला बरं वाटलं. नानांवर लिहायचं तर इथंच थांबता आलं असतं, आणि हे चित्र वाचणाऱ्यानं हसून पान उलटलं असतं. पण ज्या गोष्टीसाठी मी लेखणी उचलली ती अजून लिहिलेली नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस. त्या कमी बोलण्याचा मी कसा उपयोग केला, ते आता सांगतो.

त्या वर्षी फाल्गुनात नानांना मोठा ताप आला. तीन आठवडे पडून होते. उठले तेव्हा अंग बरं झालं होतं, पण एके दिवशी मला डब्यामागं बोलावून हळूच म्हणाले, "भाऊ, एक गोट सांगस. कोणाले सांगू नको. माले वास येत नही. चवबी नही. भाकर खाऊ का माती खाऊ, सारखंच."

मी म्हणालो, "डॉक्टरांना सांगू या, नाना."

त्यांनी माझं मनगट धरलं. "नही नही. साहेबले कळनं तं म्हनतीन, मिस्तरीनं नाक गये, आते मिस्तरी काय कामना? तू शे ना. तेल आनशी तव्हय तू वास ली ले आन माले सांग. तुनं नाक ते मनं नाक."

मला तेव्हा हसू आलं होतं. खोटं कशाला लिहू.

तेल धरणगावच्या एका तेल्याकडचं लागे. लाकडी घाणीचं, निखळ जवसाचं. आखाजीला मी अमळनेरला घरी जाणारच होतो. तिथून गाडीनं धरणगाव जवळ. नानांनी तेलाचा रिकामा डबा माझ्या हाती दिला आणि चारदा बजावलं.

खानदेशात आखाजीला मुली माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि पुरुष पत्ते खेळतात. एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूसही आखाजीचे दोन-तीन दिवस ओट्यावरून उठत नाही. बायकाही तेवढे दिवस काही म्हणत नाहीत. मी बसलो. सकाळची गाडी गेली, दुपारची गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी धुळ्याला परतायचं होतं. मी तेलाचा डबा घेऊन आमच्याच पेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "जवसाचं नाही. शेंगदाण्याचं आहे, आजच आलेलं. काय फरक पडतो? तेल ते तेल."

फरक काय पडतो, ते मला ठाऊक होतं. नानांबरोबर चार वर्षं काढलेला माणूस मी. जवसाचं तेल हवेत सुकतं, त्याच्यावर साय धरते, आणि लांबी टणक होते. शेंगदाण्याचं तेल कधीच सुकत नाही. पण मला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. नानांना वास येत नव्हता, आणि हे जगात फक्त मलाच माहीत होतं.

मी डबा भरून घेतला.

नानांनी तेल उजेडात धरलं. "रंग फिका दिखस, भाऊ."

"नव्या घाणीचं आहे, नाना."

"वास?"

मी नाक डब्याजवळ नेलं. खरंच नेलं. भाजल्या शेंगांचा वास आला. म्हणालो, "जवसाचाच."

त्यांनी सवयीनं थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि माझ्याकडे बघून हसले. "काय कळस माले? तू म्हनस तं शेच."

त्यांनी तेल कढवलं, लांबी मळली, सगळे सांधे भरले. नेहमीसारखीच एकेक रेघ बोटानं सरळ ओढलेली, बघत राहावं असं काम. आठ दिवसांनी अंगठा टेकवला तर अंगठा आत गेला. पंधरा दिवसांनीही गेला. दुपारच्या उन्हात छपराची लांबी फटीतून घसरून पत्र्यावर ओघळू लागली. नाना झारी न काढता डब्याभोवती फिरत राहिले. जेवायला हाक मारली तरी येईनात.

एकदा मला म्हणाले, "तेल धरणगावनंच व्हतं ना, भाऊ?"

"हो, नाना."

"मंग मना हात चुकना."

तेव्हा सांगता आलं असतं. सांधे खरवडून पुन्हा भरायला वेळ होता. मला वाटलं, आता सांगितलं तर खोटं दोनदा बोलल्याचं निघेल. दुसरं काही नव्हतं. एवढंच.

नानांनी स्वतः डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, "साहेब, सांधा धरना नही. बठ्ठा खरवडना पडी. माले दहा दिन द्या." पण डोंगरातून हिवतापाची बातमी आली होती, निघायची घाई होती. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "सुकेल वाटेत, साहेब." नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, उपकार मानल्यासारखं काहीतरी होतं. मी त्यांची बाजू सांभाळली असं त्यांना वाटलं होतं.

आषाढात डोंगरातल्या एका पाड्यावर डबा गळला. एका कोपऱ्यातून नाही, सगळीकडून. कपाट ज्या भिंतीला होतं तिथं पाणी आत उतरलं आणि सकाळी कपाट उघडलं तेव्हा कोयनेलच्या पुड्यांचा चिखल झाला होता. बाहेर माणसं रांगेत बसली होती. काही लेकरांना पाटीत घालून आणलेलं. नवं औषध धुळ्याहून यायला, रस्ते वाहून गेल्यामुळं, तीन आठवडे लागले. डॉक्टरांनी एकेकाला समजावून परत पाठवलं. त्यांतलं कोण जगलं आणि कोण गेलं, मी कधी विचारलं नाही. विचारता येत होतं. ते गाव आमच्याच फेरीत होतं.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "नाना, तुमचं वय झालं. आता विश्रांती घ्या." नानांनी पटाशी, राळेचं भांडं, ताग, सगळं पुसून दवाखान्याच्या डब्यात नीट मांडलं आणि साक्रीजवळच्या आपल्या गावी निघून गेले. जाताना मला म्हणाले, "भाऊ, तू मन्हासाठी साहेबजवळ बोलना. मी इसरनार नही."

पुढच्या वर्षी त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, जनीचं लग्न झालं. मला निरोप होता. मी गेलो नाही. जाऊन आलेल्या गाडीवानानं सांगितलं की लग्न चांगलं झालं, पण कन्यादान नानांनी केलं नाही, त्यांच्या धाकट्या भावाला पाटावर बसवलं. नाना मांडवाच्या बाहेर उभे होते. पोरगी रडून रडून बेजार झाली. तिला वाटलं, आई तर आधीच गेलेली, आता बापालाही आपण नकोशी झालो. मी म्हणालो, "असेल काही रीत त्यांची."

डब्याला पुढं मुंबईहून आलेलं काळं मिश्रण लावू लागले. मी मोठा कंपाउंडर झालो. नानांच्या गावचा मुक्काम आला की मी कुणाशी तरी पाळी बदलून घेई. कधी आई आजारी, कधी मी. अशी अकरा वर्षं काढली. मग लढाईच्या दिवसांत निम्मी माणसं कमी झाली आणि पाळी बदलायला कुणी उरलं नाही.

गेलो तेव्हा आखाजी नुकतीच झाली होती. नानांचं घर धाब्याचं, वर मातीचं सपाट छप्पर. पावसाआधी अशा छपरावर खारी माती पसरतात, म्हणजे ते गळत नाही. शेजारचा दगडू वर चढून माती पसरत होता आणि नाना खाली ओट्यावर दोन्ही हात काखेत घालून बसले होते. केस पांढरे झाले होते. अंग आटलं होतं.

दगडू वरून ओरडला, "नाना, आठे भेग शे. कितली टाकू?"

"तुना मनले येई तितली टाक."

"आरे, पन तू मिस्तरी ना?"

नानांनी मान फिरवली आणि मी दिसलो. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला, आणि ओळखल्यावर मात्र तोंडभर हसले. "जनी! वं जनी! भाऊ उना! चहा ठेव!" जनी माहेरी आलेली होती. दारात आली, मला बघून पदर सारखा केला. मी म्हणालो, "नाना, धाब्याला तुम्ही हात लावत नाही?"

उत्तर जनीनं दिलं. "कशालेच नही लावत, भाऊ. अकरा साल झायात. खुंटी ठोकनी तरी शेजारीले बलावतस. म्हनतस, मना हातले यश नही, मना हातखाले मानसे मरनात."

नाना खाली बघत होते.

मी तिथंच, ओट्याखाली उभा राहून सांगितलं. आखाजीचे पत्ते, चुकलेली गाडी, शेंगदाण्याचं तेल, तेलाच्या डब्यात नाक घालून दिलेली खोटी ग्वाही, डॉक्टरांसमोरचं "सुकेल वाटेत". सगळं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर परत फिरलो असतो. शेवटी म्हणालो, "नाना, मला क्षमा करा."

नानांनी ते ऐकलंच नाही. ते पुढं वाकले होते. "शेंगदाणानं तेल?"

"हो."

"निखळ? जवस बिलकुल नही?"

"बिलकुल नाही."

"मंग ते कशे सुकी?" ते स्वतःशीच म्हणाले. "ते सुकनारच नही. ब्रह्मदेव उना तरी सुकनार नही." मग एकदम मोठ्यानं, "ए दगडू! खाले ये! खाले ये बेगीन!" दगडू मातीच्या हातांनी शिडी उतरला. "भाऊ, याले सांग. पुरं सांग."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण होतं. दगडूसाठी तेलाचा फरकही समजावून द्यावा लागला. नाना मधेच "हं" म्हणून त्याच्याकडे बघत, शाळेत लेकराची पाठ थोपटली जाताना बाप बघतो तसे.

दगडूनं डोकं खाजवलं. "मंग नाना, तुना हात चांगला शेतस तं मी वर काय करी ऱ्हायनू?"

नाना हसले. हसताहसता त्यांनी काखेतून हात काढले आणि मांडीवर उताणे ठेवले. ते थरथरत होते. ती म्हातारपणाची थरथर होती, थांबणारी नव्हती. आता त्या हातांनी पटाशी धरता आली नसती, सरळ रेघ ओढता आली नसती. त्यांना ते माहीत होतं. मलाही दिसलं. अकरा वर्षांपूर्वी मी पेठेतून धरणगावला गेलो नाही त्या दिवशी ते हात स्थिर होते.

जनी दारातून हलली नव्हती. तिनं विचारलं, "आबा, मना लगीनमा तुमी पाटवर नही बसनात, ते यामुळे?"

नानांनी मान वर केली नाही. "तुना संसारले मना हात नको लागाले, असं वाटनं, माय. मी लायेल एकबी सांधा टिकना नही व्हता."

ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, बापासमोर उकिडवी बसली आणि त्यांचा एक हात ओढून त्यावर पाणी ओतू लागली. जेवायची वेळ नव्हती, हाताला काही लागलेलं नव्हतं. तरी ती बोटन्‌बोट चोळून धूत राहिली, आणि नाना धुऊ देत राहिले. दगडू शिडीकडे वळला. मी निघालो.

मी अंगणाच्या टोकाला पोचलो तेव्हा तिचा आवाज आला.

"भाऊ, इतला उशीर कसाले कया?"

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं बापाचा दुसरा हात धुवायला घेतला होता.